जिभेची जागा

“तुमची जीभ आत्ता कुठं आहे?” वर्षाली मॅडमनी विचारलं, आणि नवनाथनं चक्क मागं वळून बघितलं. बाई दुसऱ्याच कुणाला तरी विचारत असतील असं त्याला वाटलं. मागं भिंत होती आणि भिंतीवर उघड्या जबड्याचं एक रंगीत चित्र होतं, बाकी कुणी नव्हतं. आता सांगा, सदतिसाव्या वर्षी, भर दुपारी, माणसाला असा प्रश्न कुणी विचारतं का? गाव कोणतं, कंपनी कोणती, शिफ्ट कितीची, मुलगी कितवीला, यांची उत्तरं तो झोपेतसुद्धा देऊ शकला असता. पण जीभ? “तोंडात आहे,” तो म्हणाला, आणि शेजारच्या छोट्या खुर्चीवर बसलेली त्याची सहा वर्षांची इंदू फिसकन हसली. मॅडम हसल्या नाहीत. संत तुकाराम नगरातल्या त्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात त्या रोज लहान मुलांच्या ओठांचे, गालांचे आणि जिभेचे व्यायाम घेत, त्यामुळे जीभ हा त्यांच्या दृष्टीनं हसण्यावारी न्यायचा विषय नव्हताच. “तोंडात कुठं?” त्यांनी विचारलं. मग नवनाथ शोधायला लागला. शोधायला, खरंच! आणि सापडली ती खाली, खालच्या दातांना टेकून, सुट्टीच्या दिवशी पोरगा गादीवर पडून राहावा तशी सुस्त पडलेली. “खाली आहे,” त्यानं कबूल केलं. “इंदूचीही तिथंच असते,” मॅडम म्हणाल्या. “तिची जागा वर आहे. वरच्या दातांच्या मागं जो उंचवटा आहे ना, तिथं टोक, आणि बाकीची टाळ्याला चिकटलेली. ओठ अलगद मिटलेले. श्वास नाकानं. जीभ वर राहिली की ओठ आपोआप मिटतात, नुसतं ‘तोंड मिट’ म्हणून मिटत नाहीत. घरी व्यायाम कोण घेणार?” नवनाथनं शाळेतल्यासारखा हात वर केला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टला तो आकुर्डीहून कंपनीच्या बसनं चाकणला निघाला आणि मोशी येईपर्यंत त्याची जीभ काही त्याला सोडेना. एकदा लक्ष गेलं की झालं! वर नेली की घशात ओढल्यासारखं व्हायचं, सोडली की पुन्हा धप्पकन खाली. आवंढा गिळताना ती दातांवर ढकलली जाते, हेही त्याला आजच कळलं. म्हणजे इतकी वर्षं आपण गिळत होतो ते कसं? दिवसातून हजार वेळा तरी गिळत असू, आणि एकदाही बघितलं नाही. नवनाथ चाकणच्या एका कारखान्यात मापं घ्यायच्या कामावर होता. गाड्यांचे छोटे भाग यायचे, त्यांच्या भोकात गेजचं, म्हणजे मापाच्या सळईचं, एक टोक जायला हवं आणि दुसरं जाता कामा नये. तसं झालं तर हिरवी खूण, नाही तर लाल खूण आणि लाल डबा. अर्ध्या केसाचा फरक त्याच्या बोटांना कळायचा, साहेबसुद्धा त्याच्या शब्दावर जायचे. आणि या गड्याला स्वतःच्या तोंडातला दोन इंचांचा अवयव कुठं असतो ते ठाऊक नव्हतं! “काय नवनाथ भाऊ, दाढ दुखायलीय का?” शेजारच्या मशीनवरच्या रोहिदासनं विचारलं. नवनाथ “नाही” म्हणाला, आणि “ना” म्हणताना जीभ नेमकी त्या उंचवट्यावर जाऊन आली. तो एकटाच हसला. पुन्हा म्हणाला, “ना. ना. ना.” रोहिदास काळजीनं बघत राहिला आणि मग त्यानं तंबाखूची पुडी खिशात परत घातली.

तसं बघायला गेलं तर हे तोंडाचं प्रकरण इंदूपासून सुरू झालंच नव्हतं, हे नवनाथला त्या आठवड्यात हळूहळू उमगत गेलं. केजच्या अलीकडं त्यांचं गाव. तिथं त्याचे वडील, अण्णा, बाजेवर बसलेले असत आणि हा समोरून गेला की दोन बोटांनी त्याची हनुवटी खालून टक्कन वर उडवत. “तोंड मिट की रे. माशी जाईल.” दात दातांवर आपटायचे. त्यात राग नसायचा, दुष्टपणा तर मुळीच नसायचा. येता-जाता वासराच्या पाठीवर थाप मारावी तेवढंच ते. पण त्या टक्कनसाठी नवनाथ अंगणातून जाताना ओठ घट्ट आवळून, श्वास कोंडून, पळत सुटायचा आणि गोठ्यामागं जाऊन आ करून हवा ओढायचा. गोठ्यातल्या शेणाचा नि कडब्याचा तो वास तोंडानं कसा लागायचा हे त्याला अजून आठवत होतं. नाकानं नव्हे, तोंडानं. लग्नाच्या फोटोतही त्याचे ओठ तसेच आवळलेले आहेत, बाजूला दिपाली मोकळी हसतीय आणि हा शिक्षा झाल्यासारखा उभा. पुढं त्यानं मिशी वाढवली. लोकांना वाटलं, रुबाबासाठी. आरशासमोर उभं राहून दाढी करताना त्यानं आता ओठ मिटून पाहिले तर हनुवटीवर संत्र्याच्या सालीसारख्या खळ्या उठल्या. मॅडमनी सांगितलं होतंच की, हनुवटी अशी चुरगळली म्हणजे ओठ मिटले नाहीत, जबरदस्तीनं ढकलले. इंदूच्या हनुवटीवर त्या खळ्या त्यानं कितीदा पाहिल्या होत्या! “इंदू, तोंड मिट,” असं तो दिवसातून वीस वेळा म्हणायचा तेव्हाच पाहिल्या होत्या.

इंदू, म्हणजे कागदोपत्री इंद्रायणी. ती इथंच जन्मली म्हणून इथल्या नदीचं नाव, असा नवनाथचा हट्ट. गुणाची पोर. गोष्ट सांगायला बसली की हातवारे करून खोली दणाणून सोडणार. पण खालचा ओठ सैल, तोंड कायम अर्धं उघडं, आणि बोलताना ‘स’च्या जागी जीभ दातांबाहेर. लाळेसाठी फ्रॉकला पिनेनं रुमाल लावायचा तो तीन वर्षांची झाली तरी होता, पाच वर्षांची झाली तरी होता. मागच्या वर्षी नाकामागची गाठ काढली. नाक मोकळं झालं, पण तोंडाला उघडं राहायची सवय लागली होती ती काही जाईना. आणि डिसेंबरमध्ये दिपालीच्या लक्षात आलं की डबा रोज जसाच्या तसा परत येतोय. बालवाडीतल्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, “ती म्हणते, मला भूक नाही.” भूक नाही म्हणे! घरी आल्या आल्या चार पोळ्या खाणारी पोर. मग एकदा रात्रीच्या जेवणात इंदूनंच सांगून टाकलं, की मी खाल्लं की खाली सांडतं, मग वर्गातला विहान आणि ती रिबिनवाली लांब सरकून बसतात. तिनं ते अगदी सहज सांगितलं, आज पीटीचा तास झाला नाही असं सांगावं तसं. दिपाली उठून आत गेली. नवनाथनं इंदूपुढचं सांडलेलं पुसून घेतलं. जूनमध्ये पोर पहिलीला जाणार, मोठी शाळा, चाळीस मुलं. त्याच्या आत हिचं तोंड मिटलं पाहिजे आणि हिनं चारचौघांत बसून डबा खाल्ला पाहिजे, एवढं एकच त्याच्या डोक्यात बसलं. दुसरं काही नको होतं त्याला. ना बढती, ना प्लॉट.

आणि एकदा डोक्यात बसलं म्हटल्यावर नवनाथ तो नवनाथच! मॅडमनी एक मोठं चपटं बटण दिलं होतं, दुहेरी दोरा ओवलेलं. ओठांच्या आत, दातांच्या पुढं बटण ठेवायचं, ओठ मिटायचे, आणि मोठ्या माणसानं दोरा हलकेच ओढायचा. बटण सुटू द्यायचं नाही. दिवसातून दोनदा, पाच-पाच वेळा, “आणि हसत-खेळत हं, नवनाथभाऊ,” असं मॅडम दारापर्यंत येऊन बोलल्या होत्या. पण ते बटण काही याला पटेना. कडा खरखरीत, भोकं मधोमध नाहीत. त्यानं जेवणाच्या सुट्टीत लेथवर नायलॉनचं नवं बटण काढलं, कडा गोल केल्या, मापून घेतल्या. इथवर ठीक होतं. दिपालीनंही कौतुक केलं. मग त्यानं पिंपरी कॅम्पातून एक स्प्रिंगकाटा आणला, भाजीवाले पूर्वी हातात धरायचे तसला, छोटा. दोरा काट्याच्या आकड्याला अडकवायचा आणि बटण सुटलं तेव्हा काटा कितीवर होता ते बघायचं. “अहो, पोरीचं तोंड आहे का कांद्याची पिशवी?” दिपाली म्हणाली. “मोजल्याशिवाय सुधारणा कळत नसते,” तो म्हणाला, आणि हे वाक्य कंपनीच्या भिंतीवर लिहिलेलं होतं. फ्रिजवर तक्ता लागला. तारीख, सकाळ, संध्याकाळ, ग्रॅम. पहिल्या दिवशी दीडशे. आठवड्यानं दोनशे. मार्च संपता संपता तीनशे! नवनाथला असा आनंद झाला की त्यानं पाचाचं दहा केलं, दोनदाचं तीनदा केलं, दुसरी शिफ्ट असली की सकाळचं जादा करून घेऊ लागला, आणि इंदूही, बिचारी, करत राहिली. तिला तो काटा सरकताना बघायला आवडायचं. पप्पा आपल्या तोंडाकडं इतकं टक लावून बघतात, हे तर तिला फारच आवडायचं.

एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी ते बिघडलं. आदल्या दिवशी साडेतीनशे ग्रॅम झाले होते. त्या सकाळी बटण दोनशेवरच सुटलं. पुन्हा घेतलं, एकशे ऐंशी. पुन्हा. पुन्हा. इंदूच्या ओठांच्या कडा लाल झाल्या होत्या, डोळे कंटाळलेले होते, पण नवनाथ बघत होता काट्याकडं. शेवटी तो फ्रिजपाशी गेला आणि त्याच्या हातानं, गेली चौदा वर्षं लागलेल्या सवयीनं, शर्टाच्या खिशातलं लाल पेन काढून त्या रकान्यात फुली मारली. मारून झाली तरी त्याला कळलं नव्हतं आपण काय केलंय. जानेवारीत कंपनीत घरच्यांना बोलावलं होतं, तेव्हा त्यानंच मोठ्या ऐटीत इंदूला सगळं दाखवलं होतं: हे चांगले, हिरव्यात. हे बिघडलेले, लाल डब्यात. त्यांचं काय करतात, पप्पा? वितळवतात.

“लाल म्हणजे वितळवतात ना?” इंदूनं विचारलं.

नवनाथ वळला. “नाही गं बाळा, ते लोखंडाचं,” असं तो काहीतरी बोलायला लागला, पण तोवर इंदूनं काय करावं? तिनं ओठ मिटले. घट्ट. हाताची घडी घातली, भिंतीकडं तोंड केलं आणि बसली. कट्टी!

पहिली पाच मिनिटं नवनाथ तिच्यामागं “इंदू, ए इंदू” करत घुटमळला. मग दिपाली हात पुसत बाहेर आली, तिनं वाकून पोरीचं तोंड बघितलं, आणि नवनाथला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. “अहो,” ती कुजबुजली, “मिटलंय.” काय मिटलंय? “तोंड! दहा मिनिटं झाली. नाकानं श्वास घेतीय.” दोघं दाराआडून डोकावले. खरंच की. जन्मात कधी दहा मिनिटं न मिटलेलं तोंड मिटलेलं होतं, आणि नाकपुड्या रागानं फुलत-मिटत होत्या. आता आली का पंचाईत! रुसलेल्या लेकराची समजूत काढावी, तर ती बोलायला तोंड उघडणार. न काढावी, तर पोर तशीच बसणार. नवनाथनं घड्याळ बघितलं, आणि बघितल्याबद्दल त्याची त्यालाच शरम वाटली. इतक्यात खालून घरमालकीण कौशल्याबाई कैऱ्या घेऊन वर आल्या. आकुर्डी गावातल्या जुन्या घरच्या, आवाज शेतातून शेतात पोचणारा. “काय गं इंदे, आज लई गप? आज्जीशी बी न्हाई बोलायचं व्हय?” इंदूनं मान हलवली. ओठ उघडले नाहीत. “काकू, तिला बोलवू नका,” दिपाली घाईनं म्हणाली, “तोंड मिटलंय तिचं.” कौशल्याबाईंनी आळीपाळीनं तिघांकडं बघितलं. “मिटलंय? आगं, पोरगी रडकुंडीला आलीया आन तुमी खुशाल बगत हाय? डोकी ठिकाणावर हायती का तुमची?” कैऱ्यांची पिशवी ओट्यावर आदळून त्या जिना उतरून गेल्या.

नवनाथ जमिनीवर, इंदूपासून हातभर अंतरावर बसला. खिडकीतून ऊन थेट तिच्या तोंडावर पडलं होतं. वीस मिनिटं होऊन गेली होती. त्याला हवं होतं ते सगळं त्याच्यासमोर होतं, आणि त्यातलं काहीही त्याला नको होतं. ओठ मिटलेले होते, पण पांढरे पडले होते, आणि हनुवटीवर त्या खळ्या, एकेक मोजून घ्यावी अशी. काट्यावर हे चारशेच्या पुढं गेलं असतं. तक्त्यात हिरवी खूण मिळाली असती. आणि माल बाद होता. त्याच्या बोटांना अर्ध्या केसाचा फरक कळायचा, आणि एवढं मोठं कळलं नव्हतं! अण्णांनी एकदाही त्याची हनुवटी उडवली नाही असा एक दिवस त्याला आठवेना. तोही असाच ओठ आवळून अंगणातून पळायचा, गोठ्यामागं एकटा जाऊन बसायचा, आणि घरातल्यांना वाटायचं पोरगं सुधारलं. कुणी त्याच्यापाशी येऊन बसलं असतं तर काय झालं असतं? फार काही नाही. त्यानं न लपता आ केला असता आणि कुणाचं तरी नाव घेऊन हाक मारली असती. नवनाथला हुंदका येईल असं वाटलं, पण आलं ते हसू, कारण त्याच्या लक्षात आलं की विचार करता करता त्याचंच तोंड सताड उघडं पडलंय.

तो उठला. तक्ता काढायच्या भानगडीत पडला नाही. तो दिसतही नव्हता त्याला. त्यानं बटण साबणानं धुतलं आणि सरळ स्वतःच्या तोंडात घातलं, ओठांच्या आत, दातांच्या पुढं. मिशी ओली झाली. नायलॉनची चव, साबणाची चव. त्यानं दोऱ्याचं टोक आणि काटा इंदूपुढं धरला आणि मांडी घालून बसला. बोलता तर येत नव्हतं, म्हणून भुवयांनी खुणावलं: ओढ.

इंदूनं डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. थोडा वेळ मान ठेवला स्वतःचा. मग काटा घेतला, आणि ओढला. बटण बंदुकीतून सुटावं तसं सुटलं, मागोमाग लाळेची ही एवढी तार नवनाथच्या हनुवटीवरून थेट रविवारच्या पांढऱ्या शर्टावर. “साठ!” इंदू ओरडली. “पप्पा, साठच! मी लहान होते तेव्हा माझे दीडशे होते!” आणि ती हसायला लागली. तोंड पार कानापर्यंत उघडून, सगळे दात, जीभ, पडजीभ दाखवत, रुमाल शोधायचं भान नसलेलं ते हसू. दिपाली दारात उभी राहून पदर तोंडावर धरून हसत होती. नवनाथही हसला, पोट दुखेपर्यंत, आणि उघड्या तोंडाच्या त्या पोरीकडं बघून त्याला आयुष्यात पहिल्यांदा असं काही वाटलं नाही की हे मिटायला पाहिजे. “घे, फुली मार,” तो पेन पुढं करत म्हणाला. इंदूनं पेनाकडं बघितलं, मान हलवली. “नको. तुम्ही शिकताय अजून.”

मग तिनं शिकवणी सुरू केली. काय तो थाट! “दात लावायचे नाहीत. चावायचं नाही. नुसतं ओठांनी धरायचं. हनुवटी चुरगळायची नाही, पप्पा, बघा, चुरगळली. सोडा. जीभ कुठंय तुमची? वर न्या. नेली? आता नाकानं श्वास.” मॅडमचं एकेक वाक्य तिच्या डोक्यात जसंच्या तसं बसलेलं होतं, दवाखान्यात आपण बटणाच्या कडा बघत होतो तेव्हा पोर ऐकत होती. पुन्हा सत्तर. पुन्हा नव्वद. तिनं त्याच्या मिशीचे केस बोटानं बाजूला केले, गुडघ्यांवर सरकत अगदी जवळ आली आणि एका हातानं त्याची हनुवटी धरली. उडवण्यासाठी नव्हे, खळ्या पडतायत का ते चाचपण्यासाठी. “आता हलायचं नाही हं,” ती म्हणाली, आणि दोरा ताणून त्याच्या ओठांकडं निरखून बघू लागली.

तिचा चेहरा त्याच्यापासून वीतभर अंतरावर होता. डोळे बारीक केलेले, कपाळावर एक बट. आणि तोंड मिटलेलं. नवनाथनं पापणी न हलवता पुन्हा बघितलं. ओठ एकावर एक नुसते टेकले होते, गुलाबी, सैल, कुणी न सांगता. हनुवटी गुळगुळीत. तिला स्वतःला याचा पत्ताच नव्हता. तिचं सगळं लक्ष बापाच्या तोंडावर होतं. तिच्या नाकातून येणारा कोमट श्वास त्याच्या मिशीला लागत होता, एक, मग पुन्हा एक. जिना, गल्ली, अख्खी आकुर्डी गोळा होईल अशी हाक त्याच्या छातीतून वर आली. दिपाली, बघ! पण तोंडात बटण होतं, दोरा लेकीच्या हातात होता, आणि तिनं हलायचं नाही म्हणून सांगितलं होतं.

काटा शंभरच्या पुढं सरकला. एकशेवीस. एकशेचाळीस. डोळ्यांतून पाणी वाहून मिशीत उतरलं, तरी नवनाथनं ओठ सोडले नाहीत.